किल्लारीचा भूकंप व जगाचें साहाय्य

दख्खनचें पठार म्हणजे अचल भूमि, अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती. सरकारी नकाशांतहि लातूरचा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत अल्प धोक्याच्या वर्गांत घातलेला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे चारच्या सुमारास ही समजूत कायमची नाहींशी झाली. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून निजलेलीं गांवें क्षणार्धांत मातीखालीं गेलीं. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुमारें ८,००० माणसें प्राणांस मुकलीं.

धक्का ६.२ प्रतीचा होता. याहून मोठे भूकंप जगांत दरसाल होतात. मनुष्यहानीचें खरें कारण घरांच्या बांधणींत होतें. उन्हाळ्यांत गारवा देणारें माळवद हें मराठवाड्याच्या घराचें भूषण. परंतु लांकडी तुळयांवर दरसाल मातीचा नवा थर पडून त्याचें ओझें अतोनात वाढे. भिंती रुंद खऱ्या, पण दोन पदरी. मध्यें चिखल व दगडगोटे, आणि दोन्ही पदरांस सांधणारा आरपार दगड क्वचितच. धक्क्यासरशीं पदर सुटले व माळवद निजलेल्यांवर कोसळलें.

साहाय्याचा ओघ जगभरांतून आला. पुनर्वसनासाठीं जागतिक बँकेनें १९९४ सालीं २४.६ कोटी डॉलरांचें कर्ज मंजूर केलें. ब्रिटिश सरकार व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांचाहि हातभार लागला. त्याच वर्षीं मे महिन्यांत योकोहामा येथें राष्ट्रांची परिषद भरली. आपत्तीनंतरच्या मदतीपेक्षां आधींची सिद्धता अधिक हितकर, असें तेथें ठरलें.

किल्लारीच्या परिसरांत या तत्त्वाची कसोटी लागली. ५२ गांवें नव्या जागीं वसलीं. घरें मजबूत झालीं, रस्ते रुंद झाले. पण जुना शेजार विस्कटला व अनेकांस शेत लांब पडलें. दुसरें काम मात्र अधिक मोलाचें ठरलें. जवळजवळ २ लाख घरें होतीं तेथेंच दुरुस्त व बळकट करण्यांत आलीं. रक्कम हप्त्याहप्त्यानें घरमालकाच्या हातीं येई आणि गवंडी लावून काम त्यानेंच करून घ्यावयाचें असे. माळवदावरील माती कमी करावी, भिंतींत आरपार सांधे घालावे, दारांच्या माथ्यावरून काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींस फिरवावा, या गोष्टी त्यामुळें घरोघर समजल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनें तयार केलेल्या गांवच्या स्त्रिया संवादसहायक म्हणून कामावर लक्ष ठेवीत. २००१ सालीं कच्छमध्यें भूकंप झाला, तेव्हां यांतल्याच कांहीं जणी तेथील स्त्रियांस धीर व अनुभव देण्यास गेल्या.

कर्ज आज ना उद्यां फेडावेंच लागतें. शिकलेली विद्या मात्र न वापरल्यास विसरते. २१ मार्च २०२४ रोजीं हिंगोली जिल्ह्यांत ४.५ प्रतीचा धक्का बसला व तो नांदेडांतहि जाणवला. त्या भागांत जुन्या माळवदाचीं घरें अद्याप उभीं आहेत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असें म्हणतात. लातूरला ठेच लागली. त्या माळवदांवरील माती कमी करण्यास मात्र कोणत्याहि परदेशी बँकेची वाट पाहण्याचें कारण नाहीं.