डावा मेंदू, उजवा मेंदू

डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कलेचा, हे तुम्हीही कुठेतरी वाचलं असेलच. इथे अमेरिकेत कंपन्यांच्या प्रशिक्षण-वर्गात त्याची चाचणीसुद्धा घेतात. मी दिली आहे. इंजिनिअर म्हणून मी "डाव्या मेंदूचा" निघालो, जाहिरात विभागातली बाई "उजव्या मेंदूची". सगळे हसले, कॉफी प्यायले, झालं. पण ही वाटणी मुळात आली कुठून, ते शोधायला गेलं की फार वेगळी गोष्ट हाती लागते.

सुरुवात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात होते. तिथे लबोर्न नावाचा एक माणूस २१ वर्षं राहत होता. मूळचा कारागीर, बूट बनवायला लागणारे लाकडी साचे करणारा. लहानपणापासून फिट्स यायच्या, तिशीच्या सुमारास वाचा गेली. काहीही विचारा, उत्तर एकच: "तां तां". त्यामुळे रुग्णालयात त्याचं नावच "तां" पडलं. दुसऱ्याचं बोलणं त्याला बरंचसं कळायचं. आकडे तो डाव्या हाताच्या बोटांनी सांगायचा, कारण उजवी बाजू लुळी पडली होती. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं नाही की मात्र तो भडकायचा, आणि तेव्हा तोंडातून एक शिवी अगदी स्वच्छ बाहेर पडायची! एप्रिल १८६१ मध्ये पाय सडला म्हणून त्याला पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे आणलं. काही दिवसांतच तो वारला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या अर्ध्याच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. असे आणखी रुग्ण पाहून १८६५ मध्ये त्याने सांगितलं, की वाचा डाव्या मेंदूत असते. (मार्क डाक्स नावाच्या डॉक्टरने हेच १८३६ मध्ये लिहून ठेवलं होतं, पण ते छापून आलं १८६५ मध्ये, त्याच्या मुलाने धडपड केली तेव्हा. श्रेयाचे वाद तिकडेही असतातच.)

ब्रोकाने तो मेंदू न कापता अखंड जपून ठेवला, हे फार बरं केलं. २००७ मध्ये त्याचे एमआरआय काढले, तेव्हा दिसलं की बिघाड ब्रोकाला वाटला त्याहून खूप खोलवर गेलेला होता.

पुढचा भाग जरा कडू आहे. भाषा डावीकडे म्हटल्यावर काही युरोपीय विद्वानांनी लगेच उतरंड लावली. डावा मेंदू सुसंस्कृत गोऱ्या पुरुषाचा. उजवा बायकांचा, वेड्यांचा आणि "रानटी" लोकांचा. यात आपण कुठे बसलो असतो ते सांगायला नको.

मग १९६२. फिट्सचा फार त्रास असलेल्या एका माजी सैनिकाच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पूल, म्हणजे सुमारे २० कोटी तंतूंचा कॉर्पस कॅलोसम, लॉस एंजेलिसच्या शल्यचिकित्सकांनी कापला. फिट्स आटोक्यात आल्या. अशा रुग्णांवर कॅलटेकमध्ये रॉजर स्पेरी आणि त्याचा विद्यार्थी मायकेल गझानिगा यांनी प्रयोग केले. पडद्याच्या डावीकडे चित्र चमकवलं, की ते फक्त उजव्या मेंदूला दिसतं. रुग्ण म्हणे, काही दिसलं नाही. आणि त्याच वेळी त्याचा डावा हात चाचपून नेमकी तीच वस्तू उचले! पुढे गझानिगाने एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फ. उजव्या हाताने कोंबडीचं चित्र निवडलं, डाव्याने फावड्याचं. फावडं कशाला, असं विचारल्यावर बोलका डावा मेंदू, ज्याने बर्फ पाहिलाच नव्हता, बेधडक म्हणाला, खुराडं साफ करायला. मला हा सगळ्यात थक्क करणारा प्रयोग वाटतो.

स्पेरीला १९८१ मध्ये नोबेल मिळालं. पण पूल कापलेल्या मूठभर लोकांवरचं हे संशोधन तोवर पूल शाबूत असलेल्या सगळ्यांना लावून झालं होतं. रॉबर्ट ऑर्नस्टाइनने १९७२ च्या पुस्तकात डाव्या मेंदूचं नातं पाश्चात्त्यांशी जोडलं आणि उजव्याचं पौर्वात्यांशी. आता उजवा चांगला, गूढ, अंतर्ज्ञानी. म्हणजे जुनीच उतरंड, फक्त उलटी टांगलेली. आपल्याला हे कौतुक गोड लागतं खरं, पण मग पाणिनीने व्याकरण कुठल्या मेंदूने लिहिलं?

२०१३ मध्ये यूटा विद्यापीठाने हजारावर लोकांच्या मेंदूंचे स्कॅन तपासले. "डाव्या मेंदूची" किंवा "उजव्या मेंदूची" माणसं त्यांना सापडली नाहीत. कामांची वाटणी मात्र खरी आहे. उजव्या हाताने लिहिणाऱ्या सुमारे ९५ टक्के लोकांची वाचा मुख्यतः डावीकडे असते, डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांची. आणि उजव्या मेंदूचं काम नुसतं चित्रं काढण्याचं नाही. डावीकडच्या जगाची दखल घेणं बरचसं त्याच्यावर अवलंबून असतं. त्या बाजूला पक्षाघाताचा झटका आला, तर माणूस ताटातली उजवीकडची भाजी-आमटी संपवतो, आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते, कारण ती त्याच्या लेखी नसतेच. डावा हात उचलत नसला तरी "मला काही झालेलं नाही" असं तो व्यवस्थित बोलून सांगतो. बोलणं नीट आहे म्हणून घरच्यांनाही ते पटतं, आणि डॉक्टरकडे न्यायला उशीर होतो.