तीन हिरवे झेंडे

28 सप्टेंबर 2013, शनिवार. दुपार कलली आहे आणि तुम्ही डब्लिनच्या ड्रमकोंड्रा भागातून गर्दीच्या लोंढ्यात क्रोक पार्ककडे चालला आहात. तिकीट खिशात आहे. ते कुठून आलं हे विचारू नका, काळात मागे येणाऱ्याला तेवढी सवलत असते. लोंढ्यात दोनच रंगजोड्या दिसतात, क्लेअरचा केशरी-निळा आणि कॉर्कचा लाल-पांढरा, आणि त्या एकमेकींत पार मिसळल्या आहेत. आत गेल्यावरही हे लोक शेजारी शेजारीच बसतील. मधे कठडे नाहीत, पोलिसांची रांग नाही.

आज हर्लिंगची अखिल आयर्लंड अंतिम लढत आहे, तीही दुसऱ्यांदा. 8 सप्टेंबरला हेच दोन संघ इथेच भिडले होते. कॉर्क जिंकल्यात जमा असताना क्लेअरचा बचावपटू डोनल ओ'डोनोव्हन भरपाईच्या वेळात पुढे धावून आला आणि त्यानं बरोबरीचा गुण मारला. चॅम्पियनशिपमध्ये त्या क्षणापर्यंत त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. सामना बरोबरीत सुटला, म्हणून सगळा देश पुन्हा इथे जमला आहे.

तुम्हाला एक गोष्ट माहीत आहे, जी या 80 हजारांत फार थोड्यांना ठाऊक आहे. आत, क्लेअरच्या खोलीत, 19 वर्षांचा शेन ओ'डॉनल चिलखत चढवावं तसं हेल्मेट बांधतो आहे. सुरुवातीच्या पंधरात आपण आहोत हे त्याला प्रशिक्षक डेव्ही फिट्झजेराल्डनं सामन्याला काही तास उरले असताना सांगितलंय. रात्रभर कूस बदलत पडायला वेळच ठेवला नाही. डॅरख होननला बसवून हा पोरगा उतरणार आहे. फिट्झजेराल्डच्या हट्टीपणाबद्दल बरंवाईट खूप बोललं जातं, पण एवढी एक खेळी मी त्याच्या खात्यावर कायमची मांडून ठेवली आहे.

पाच वाजतात, चेंडू पडतो, आणि पहिली काही मिनिटं तुम्हाला काहीच दिसत नाही. घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. हॉकीची सवय असलेली नजर जमिनीवर चेंडू शोधत राहते, आणि इथे तो बहुतेक वेळ हवेत असतो. त्याला स्लिटर म्हणतात: आत बूच, वर चामडं, शिवणीच्या कडा उठलेल्या, वजन जेमतेम 110 ते 120 ग्रॅम. हातातली काठी म्हणजे हर्ली. अ‍ॅशच्या झाडाचा बुंधा मुळांकडे जिथे वळतो तिथलंच लाकूड तिला लागतं, कारण तिथे लाकडाचे धागेच वाकलेले असतात. पडलेला चेंडू हातानं थेट उचलायचा नाही, काठीनं उडवून झेलायचा. हातात धरून चार पावलं, त्यापुढे पळायचं तर काठीच्या चपट्या टोकावर तोलत पळायचं, आणि त्याच वेळी दुसरा कुणी आपली काठी मधे घालत असतो. इंग्रजी एच अक्षरासारख्या खांबांमध्ये आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, पांढऱ्या डगल्यातला पंच पांढरा झेंडा हलवतो. दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, तीन गुण, आणि झेंडा हिरवा.

आता गोलाजवळच्या त्या पोरावरून नजर हलवू नका. धिप्पाड नाही. बचावपटूंच्या शेजारी थोडा उसना आणल्यासारखा वाटतो. चेंडू त्याच्याकडे येतो, तो वळतो, मारतो. हिरवा झेंडा. तुमच्या उजवीकडचे कॉर्कचे आजोबा पुटपुटतात, नशीब. थोड्या वेळानं दुसरा हिरवा झेंडा. आजोबा गप्प. पहिली 20 मिनिटं पुरी होण्याआधी तिसरा. आता आजोबाच तुम्हाला विचारतात, हा कोण हो? तुम्ही त्याचं सगळं पुढचं सांगू शकता, पण काय म्हणून सांगणार?

कॉर्क हार मानत नाही. दुसऱ्या सत्रात ते अंतर कापत अगदी गळ्याशी येतात. मग कॉनर मॅग्राचा गोल पडतो, आणि अखेरीस बाकावरून उतरलेला होननच क्लेअरचा पाचवा गोल करतो. ज्याची जागा गेली त्यानंच शेवटचा खिळा ठोकावा, हे एखाद्या कथेत लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं. फलकावर 5-16 विरुद्ध 3-16 उमटतं, आधी गोल, मग गुण, म्हणजे 31 विरुद्ध 25. त्यातले 3-3 एकट्या शेनचे, सामन्याचा मानकरीही तोच. कप्तान पॅट्रिक डॉनेलन लियम मॅकार्थी चषक उचलतो. क्लेअरचं हे अवघं चौथं विजेतेपद.

शेजारची केशरी टोपीवाली बाई रडता रडता तुम्हाला बिडी अर्लीची गोष्ट सांगेल. फीकल गावची ही वैदू बाई, जडीबुटीवाली, काहींच्या मते चेटकीण. तिच्या शापामुळे म्हणे 1914 नंतर क्लेअरला 81 वर्षं चषक मिळाला नाही. बिडी वारली त्यानंतरच, 1884 मध्ये, या खेळाची संघटना स्थापन झाली, तेव्हा तिनं नेमका कशाला शाप दिला ते तिलाच माहीत. पण 1995 मध्ये क्लेअरला जिंकवून देणारा प्रशिक्षक जर लॉफनन हाही फीकलचाच निघाला, त्यामुळे गोष्ट काही मरत नाही. त्या संघाचा गोलरक्षक होता आजचा प्रशिक्षक, डेव्ही फिट्झजेराल्ड.

पुढे सरकण्याआधी आजच्या रात्रीचा हिशेब करून घ्या. या तीन गोलांचे शेनला किती पैसे मिळाले? शून्य. हा खेळ हौशी आहे. प्रवासखर्च मिळतो, थोडं अनुदान मिळतं, पगार मिळत नाही. खेळाडूंचा लिलाव होत नाही. आपल्याकडे पोरगा गावच्या तालमीत घुमतो तसा तो एनिसच्या एरा ओग क्लबात वाढला आहे, आणि क्लबातून थेट जिल्ह्याच्या, म्हणजे क्लेअरच्या, संघात. उद्यापासून त्याच्याभोवती झुंबड उडेल, सह्या, फोटो, मुलींचा गराडा. आणि सुट्टी संपली की तो कॉलेजला जाईल. जनुकशास्त्र शिकतो आहे तो, कुठे म्हणाल, तर युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमध्ये. ज्यांना काल रडवलं त्यांच्याच शहरात, त्यांच्याच बसमध्ये.

इथून तुम्ही भरभर पुढे जाऊ शकता, बघण्यासारखं चषकाच्या कपाटात फार नाही. 2014 मध्ये क्लेअर वेक्सफर्डकडून गारद. 2018 च्या उपांत्य फेरीत गॉलवेविरुद्ध पहिला सामना बरोबरीत, दुसरा एका गुणानं हातचा गेला. त्याच वर्षी शेन फुलब्राइट शिष्यवृत्तीवर हार्वर्डला निघून गेला, सूक्ष्मजीवशास्त्रातल्या डॉक्टरेटच्या कामासाठी. क्लेअरमध्ये तेव्हा चेहरे पडले. मला मात्र त्यात काही नवल वाटत नाही. जो खेळ घरभाडं देत नाही, तो आयुष्याचा मालक म्हणून कुणाला बांधून ठेवणार? तो परतला, खेळलाही.

पण 2021 चा उन्हाळा टाळू नका, तिथे थांबा. जूनमधला साधा सराव, डोक्याला मार. हेल्मेट 2010 पासून सक्तीचं आहे, चेहरा आणि कवटी त्यानं वाचते, पण कवटीच्या आत मेंदू हादरतो तो हादरतोच. त्यानंतरचे आठवडे कसे गेले हे शेननं पुढे मुलाखतींत उघडपणे सांगितलं आहे. वाचता येत नाही, पडद्याकडे बघता येत नाही, काम करता येत नाही. ज्याचं पोट डोक्यावर चालतं अशा संशोधकाला हे. पुन्हा खेळायचं की नाही, हा प्रश्न त्याच्यासाठी नंतरचा. आधी पुन्हा पूर्वीसारखा विचार करता येईल का, हा. तुमच्या हाती 2024 ची बातमी आहे, पण ती त्या घरात नेऊन देता येत नाही. काळात फिरण्याची हीच खोट, नुसतं बघत राहायचं. त्या मोसमात तो परतत नाही. 2022 मध्ये परततो. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी क्लेअर उपांत्य फेरीत किल्केनीकडून हरतं.

शेवटचा मुक्काम 21 जुलै 2024. पुन्हा क्रोक पार्क, पुन्हा क्लेअर-कॉर्क. शेन आता 30 वर्षांचा आहे आणि गोलाच्या तोंडाशी उभा नाही. तो थोडा मागे, मधल्या गर्दीत आहे. दोन-तीन जण अंगावर घेतो, चेंडू काढतो, मोकळ्या माणसाला देतो, आणि झेंडा हलतो तेव्हा प्रेक्षक दुसऱ्याचं नाव ओरडतात. एडन मॅकार्थी, मार्क रॉजर्स, टोनी केली, आजचे तिन्ही हिरवे झेंडे या तिघांचे. शेनच्या नावावर एकही गोल नाही. तुम्ही 2013 बघून आलात म्हणून तर हे तुम्हाला दिसतंय. त्या दिवशी जी धाव सगळ्यांनी पाहिली तिच्यापेक्षा आजच्या या ओढाताणीत जास्त अक्कल आहे, आणि फलकावर तिची नोंद नाही. खेळाडूंनी ती केली: वर्षाचा सर्वोत्तम हर्लर त्यांनी मतदानानं निवडला, तो शेनच.

जादा वेळही संपत आलाय. 3-29 विरुद्ध 1-34, म्हणजे 38 विरुद्ध 37. कॉर्कच्या रॉबी ओ'फ्लिनचा शेवटचा फटका बाहेर जातो. मारताना त्याची जर्सी मागून ओढली होती, असं सगळं कॉर्क म्हणतं, शिट्टी मात्र वाजली नाही. लाल टोपीतले एक गृहस्थ तुमचा दंड धरून विचारतायत, तुम्ही बघितलंत ना, बघितलंत ना? काहीतरी उत्तर द्या, पण जपून. दोन्ही बाजूंचे लोक शेजारीच बसले आहेत.