ठासणीपासून काडतुसापर्यंत

सातारा आणि सांगली या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत १९४२ च्या हुतात्म्यांची स्मारके गावोगाव आहेत. त्यांच्याविषयी बोलताना 'गोळीबारात धारातीर्थी पडले' असे आपण सहज म्हणून जातो. धारातीर्थ म्हणजे तलवारीच्या धारेचे तीर्थ. तेथे पडायचे तर दोघांना समोरासमोर यावे लागते, आणि मध्ये अंतर उरते ते हातभराचे. वडूजच्या कचेरीवरील मोर्चात ९ सप्टेंबर १९४२ रोजी परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले ते धारेने नव्हे. त्यांच्या हाती झेंडा होता आणि समोर बंदुकीची नळी होती. मृत्यू बंदुकीचा आला, शब्द मात्र तलवारीचाच राहिला.

हा नुसता शब्दच्छल नव्हे. बंदुकीचे चार साधे शब्द नीट ठाऊक नसले, तर आपल्याच मुलखाचा इतिहास आपण चुकीचा वाचतो. मी शिकारी नाही आणि शिपाईही नाही. माझा जन्म कामगारांच्या संघटनेत गेला. कोणतेही यंत्र समोर आले की हे कोठे बनते, कोण बनवतो आणि कोणाच्या ताब्यात राहते, हे तीन प्रश्न विचारायची आम्हांला खोड असते. बंदूक हेही एक यंत्रच आहे.

प्रथम नावे पाहू. 'तोफ' हा शब्द तुर्की वळणाचा. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली आणि ओतणारा रूमी म्हणजे तुर्की मुलखाचा कारागीर होता, हे लक्षात घेतले की शब्द कोणत्या वाटेने आला ते कळते. (व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर मोठ्या आवाजाच्या वक्त्याला आपण मुलुखमैदान तोफ म्हणतो. आज तशी तोफ आपल्या वाट्याला आलेली नाही, एवढे श्रोत्यांनी गोड मानून घ्यावे.) 'बंदूक' अरबी, मूळ अर्थ एका कठीण कवचाच्या गोल फळाचा, त्यावरून गोळीचा, आणि गोळीवरून ती फेकणाऱ्या हत्याराचा. 'दारू' फारसी, आणि तिचा मूळ अर्थ औषध! 'गोलंदाज' म्हणजे तोफेचा गोळा फेकणारा. आज तो क्रिकेटच्या मैदानावर चेंडू फेकतो. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे युरोपातून आले. त्यांपैकी काडतूस तर पोर्तुगिजांकडून थेट आपल्या किनाऱ्यावर उतरले.

आता हत्यार हातात घेतल्यासारखे पाहू. ज्यातून गोळी जाते ती नळी. खांद्याला टेकवायचा लाकडी भाग तो दस्ता. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा असतो ती माशी. बोटाने ओढतात तो चाप, आणि चाप ओढल्यावर जो आपटतो तो घोडा. पुष्कळ कथाकादंबऱ्यांत नायक घोडा ओढतो आणि लगेच गोळी सुटते. घोडा ओढून नुसता चढवता येतो. गोळी सुटते ती चापाने.

जुनी बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वरून शिशाची गोळी सोडायची आणि गजाने ठासायची. मागच्या अंगाला नळीला बारीक भोक, ते म्हणजे कान. कानाशी चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. रंजकाला विस्तव लावला की आग कानातून आत जाते आणि बार उडतो. विस्तव देण्यासाठी सुताची जळती दोरी असे. तिला जामगी किंवा तोडा म्हणत, म्हणून ही तोड्याची बंदूक. पावसात तोडा विझे आणि रंजक भिजे. सह्याद्रीच्या पावसात तिचा भरवसा किती असेल, हे महाबळेश्वर-पाटणकडच्या मंडळींना सांगावयास नको.

पुढे तोड्याच्या जागी गारगोटी आली. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते आणि ठिणगी रंजकावर पडते. ही चकमकीची बंदूक. १७६१ साली पानिपतावर इब्राहीमखानाच्या गारद्यांजवळ अशा बंदुका होत्या. विस्तव पाडायचे साधन ती चकमक आणि दोन तुकड्यांची झटापट तीही चकमक. हा शब्द वर्तमानपत्रांत आजही रोज छापून येतो. त्यानंतर टोपीची बंदूक आली. तांब्याच्या इवल्याशा टोपीत ठोक्याने पेटणारे रसायन असे, घोडा तिच्यावर आपटला की काम झाले. दिवाळीत पोरे टिकल्या फोडतात, त्यांतले तत्त्व तेच.

इथपर्यंतच्या बंदुकीत एक गोष्ट समान आहे. ती गावात जगू शकत होती. सोरा, गंधक आणि कोळसा ही दारूची सामग्री. त्यांतला सोरा जुन्या भिंतींच्या खारवट मातीतून काढणारे कारागीर देशात होते. शिसे साच्यात ओतून गोळ्या घरीही करता येत. चाप मोडला तर लोहार दुरुस्त करी, दस्ता फुटला तर सुतार. म्हणजे बंदूक एकदा हाती आली की तिचे पोट भरण्यासाठी कोणा सरकारच्या दारी जावे लागत नव्हते. माझ्या मते आपल्या इतिहासातला हा फार मोठा मुद्दा आहे, आणि लढायांच्या वर्णनात तो हरवून जातो.

आता काडतूस. १८५७ चे काडतूस म्हटले की आपल्या नाटका-सिनेमांत चकचकीत पितळी नळकांडे दाखवतात. ते चूक आहे. त्या वेळचे काडतूस कागदाचे होते. मापून घेतलेली दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधलेली असत. शिपायाने सुरळीचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी कागदासकट ठासायची. एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाला चरबी फासलेली होती, आणि ते दाताने तोडायचे होते, म्हणून तर एवढा भडका उडाला. काडतूस पितळी असते आणि मागून भरायचे असते, तर दात लावण्याचा प्रश्नच आला नसता. त्याच वर्षी सप्टेंबरात साताऱ्यास गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड झाला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, आणि काहींना तोफेच्या तोंडी दिले. 'तोफेच्या तोंडी देणे' हा वाक्प्रचार आपण कचेरीतल्या गाऱ्हाण्यांसाठी वापरतो, तो साताऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला आहे.

धातूचे काडतूस आले ते त्यानंतर, आणि त्याने सगळेच पालटले. ठोक्याने पेटणारी टोपी, दारू आणि गोळी ही तिन्ही एका पितळी पुंगळीत बसली. बंदूक आता तोंडातून ठासावयाची नाही, मागून भरावयाची. पावसाची भीती गेली आणि मिनिटाला पुष्कळ गोळ्या सुटू लागल्या. पण ही पुंगळी लोहाराच्या भात्यावर होत नाही. तिला सारख्या जाडीचा पितळी पत्रा लागतो, दाब देणारी यंत्रे लागतात, मापात केसाचाही फरक चालत नाही. तिला कारखाना लागतो. तो कारखाना सरकारने १८६९ साली पुण्याजवळ खडकीस काढला. आणि १८७८ साली हत्यारांचा कायदा आला; परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. या दोन सालांपैकी शाळेच्या पुस्तकात दुसरे सापडते, पहिले सापडत नाही. कायद्याने बंदूक घरातून काढली. पण कायदा चुकवून कोणी ती लपवली असती, तरी काडतुसाला तो सरकारी कारखान्याचाच बांधील होता. नुसती बंदूक म्हणजे लोखंडी नळी आणि लाकूड. १९३० साली गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाच्या जोडीला आत्मरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत हीही एक मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्याला हा प्रश्न कोणाच्या ताब्याचा आहे ते बरोबर दिसले होते.

आणखी एक शब्द, 'रायफल'. प्रत्येक लांब बंदुकीला रायफल म्हणण्याची आपली सवय सोडली पाहिजे. रायफलीच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. किर्लोस्करवाडीच्या लेथवर काम केलेल्या माणसाला मी म्हणेन, नळीला आतून लांब पल्ल्याचे आटे पाडलेले आहेत असे समजा. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत निघते, भोवरा फिरताना सरळ उभा राहतो तशी सरळ जाते, आणि दूरवर नेम लागतो. आटे नसलेली ती गुळगुळीत नळीची बंदूक. बँकेच्या दारात निवृत्त फौजी घेऊन बसतात ती बहुधा अशी, छऱ्यांची, बारा बोअरची. दोन नळ्या असल्या तर दुनळी. बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, एवढेच. आमच्या एका संपात फाटकावरच्या पहारेकऱ्याजवळ असली जुनी दुनळी होती. दुसऱ्या दिवशी छापून आले, 'रायफलधारी पहाऱ्यात कारखाना सुरू'. पहारेकरी बिचारा आमच्याकडेच चहाला येत होता.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतही असाच घोटाळा होतो. फिरत्या चक्रात काडतुसे असतात ते रिव्हॉल्व्हर; आजच्या पिस्तुलात ती दस्त्यातल्या पेटीत असतात. आणि गोळी, काडतूस, पुंगळी हे तीन शब्द वेगळे ठेवावेत. भरलेले सबंध ते काडतूस, त्यातून सुटून जाते ती गोळी, मागे उरते ती रिकामी पुंगळी. जखमेत गोळी सापडते. जमिनीवर पुंगळी सापडते.

एवढे हाताशी घेऊन आता १९४२ ते ४६ चा काळ वाचा. इस्लामपुरास १० सप्टेंबर १९४२ रोजी मोर्चावर गोळीबार झाला. त्यात विष्णू बारपटे गेले आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनियर उमाशंकर पंड्या गेले. पंड्यांसारख्या माणसाला नळी, आटे, पुंगळी कशी बनते हे समजावून सांगावे लागले नसते, आणि तरी ते निःशस्त्र पुढे गेले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने अडवली. रुळांवर दगड रचले होते. हातांत कोयते, काठ्या आणि दोन-तीन गावठी बॉम्ब. बंदूक होती ती गाडीतल्या पहारेकऱ्याची. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी निघाले, तेही पहाऱ्यावरच्या शिपायांच्या बंदुका हिसकावून. तटावरून खंदकात उड्या पडल्या, पाठलाग झाला; अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबू जाधव ठार झाले आणि दादांना गोळी लागली. पुढे मणदूरच्या चकमकीत किसन अहिर गेले.

या हकीकती सांगताना आपण हत्यारांची संख्या फुगवतो. त्यात त्या माणसांचा गौरव होतो असे आपल्याला वाटते. मला उलट वाटते. ज्याच्याजवळ हिसकावलेली बंदूक आहे, त्याच्याजवळ तेवढीच काडतुसे असतात जेवढी बंदुकीबरोबर हाती लागली. प्रत्येक बार काढताना ती मोजावी लागतात. समोरच्याला खडकीचा पुरवठा आहे. पोलिसांची मदार पुढे ज्या थ्री-नॉट-थ्रीवर दीर्घकाळ राहिली, त्या रायफलीच्या पेटीत एका वेळी दहा काडतुसे बसतात. हा हिशेब समोर ठेवला की कोयता घेऊन रुळांवर उभा राहिलेला माणूस अधिक स्पष्ट दिसतो.

आपल्या काळातलेही एक उदाहरण देतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीपाशी तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या बंदुकीची नळीच दोन्ही हातांनी धरली. ते जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे. ती बंदूक स्वयंचलित होती. म्हणजे चाप दाबून धरला की सुटेपर्यंत गोळ्या चालू राहतात. ओंबळे यांच्या हातात होती काठी. नळी त्यांनी सोडली नाही, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि साथीदारांनी त्या माणसाला जिवंत पकडले. हातभराच्या अंतरावर समोरासमोर झालेला हा मृत्यू आहे. येथे कोणी धारातीर्थ म्हटले तर मी हरकत घेणार नाही.

शेवटी एक काम सुचवितो. १९४२ पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या पुढे गेली आहेत, आणि थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे किंवा त्यांच्या मुलांकडे जाल तेव्हा 'बंदूक होती का' एवढेच विचारू नका. ठासणीची की काडतुसाची, एकनळी की दुनळी, काडतुसे कोठून आली आणि किती होती, असे विचारा. काही घरांत देव्हाऱ्याशेजारी त्या दिवसांतली एखादी पुंगळी जपलेली असेल. भरलेले काडतूस असेल तर त्याला हात न लावता पोलिसांना कळवावे. रिकामी पुंगळी असेल तर उलटी करून तिचे बूड पाहावे. तेथे बारीक अक्षरे आणि वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. 'के' आणि 'एफ' ही इंग्रजी अक्षरे दिसली, तर ती पुंगळी खडकीच्या कारखान्यात आपल्यासारख्याच पगारी माणसांच्या हातांनी झालेली आहे. साल उतरून घ्यावे, आणि ती कोणत्या गावात, कोणत्या दिवशी सापडली तेही त्याखाली लिहावे.