तुझं माहेरचं नाव काय, बाई?

चूल आवरली असेल, कुणी शेंगा फोडत बसली असेल, कुणी गोठ्यातनं ऐकत असेल. हातातलं काम चालू राहू द्या. आज गप्पा मारायच्यात नावांवर. आपल्या, बायांच्या नावांवर.

सुरुवात माझ्या आजीपासून करते. आमची आजी साऱ्या गावाची लक्ष्मीबाई. रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, मतदार यादीत लक्ष्मीबाई. ती गेली तेव्हा दहाव्याला तिची धाकटी बहीण आली. दारातच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, "तुळसे, गं तुळसे, मला न सांगता गेलीस!" आम्ही नातवंडं एकमेकांकडं बघत राहिलो. ही तुळसा कोण? मग कळलं, आजीचं माहेरचं नाव तुळसा. साठ वर्षं आमच्या घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. आणि आम्ही कुणी तिला विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून मला नावांचा नाद लागला. कुठलंही नाव ऐकलं की मी विचारते, हे कुठून आलं, कुणी ठेवलं, का ठेवलं?

आधी कुठून आलं ते बघू. आपल्याला वाटतं, आपली नावं सगळी इथलीच. पण तुमच्या गटात एखादी रुक्मिणी असेल, एखादी सोनाबाई असेल आणि शेजारच्या गल्लीतली एखादी जरीना असेल. तिघींचा अर्थ एकच आहे बरं का, सोनं! 'रुक्म' म्हणजे संस्कृतात सोनं, त्यावरून रुक्मिणी. संस्कृतातलं 'सुवर्ण' लोकांच्या तोंडी झिजत झिजत 'सोनं' झालं, त्यावरून सोनाबाई. आणि 'जर' म्हणजे फारसीत सोनं, त्यावरून जरीना. आपल्या साडीच्या काठाची जर आहे ना, ती हीच. म्हणजे जरीनाचं नाव आपण लग्नाकार्यात अंगावर नेसतो, फक्त ओळखत नाही.

गुलाबबाईचं नावही फारसीच. 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. मुळात तो शब्द गुलाबपाण्याचा, नंतर फुलालाच चिकटला. सांगली-सोलापूरकडं गंगव्वा, यल्लव्वा अशी नावं असतात, त्यातली 'अव्वा' कानडी, म्हणजे आई. वसई-गोव्याकडची मारिया, मुसलमान घरातली मरियम आणि इंग्रजी शाळेतली मेरी, या तिघीही एकाच नावाच्या. ते नाव हिब्रू भाषेतलं. तीच हिब्रू नावं आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली लोकांतही आहेत. त्यांच्या घरात सारा, रिबेका अशी नावं आणि बोली मात्र मराठी. नावाला जात-धर्माचं कुंपण असतं खरं, पण त्याची मुळं कुंपणाखालून केव्हाच पलीकडं गेलेली असतात.

हा झाला शब्दाचा अर्थ. पण नावाला आणखी एक अर्थ असतो, ते ठेवणाऱ्याच्या मनातला. तो शब्दकोशात सापडत नाही.

आपल्याकडं जुन्या माणसांत धोंडू, दगडू, केरू, उकिरडा अशी नावं असायची. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं झालेल्या मुलाला मुद्दाम असं नाव ठेवत. केर आहे, दगड आहे म्हटल्यावर काळाची नजर त्याच्यावर पडू नये, हा हेतू. काही ठिकाणी तर मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालत आणि त्याला नथू म्हणत. मुलगी समजून काळ पुढं जाईल, असा त्यातला हिशोब. म्हणजे नाव ओंगळ, पण त्याच्यामागं जीव तुटत असे.

आणि मुलींच्या वाट्याला काय आलं? नकुशी. नकोशी. नकुसा. दोन मुलींवर तिसरी झाली, चौथी झाली, की हे नाव. केरू हे नाव मुलगा जगावा म्हणून होतं. नकुशी हे नाव पुढची मुलगी होऊ नये म्हणून होतं. दोन्ही नावं दिसायला सारखी वाईट, पण आतला अर्थ अगदी उलटा. एकाला झाकून ठेवलंय, दुसरीला हाकलून दिलंय.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं समजू नका. हरियाणात मुलीचं नाव 'भतेरी' ठेवतात, म्हणजे पुष्कळ झाल्या. तुर्कस्तानात 'येतेर' नावाच्या बाया आहेत. येतेर म्हणजे पुरे. अझरबैजान देशात 'किझबस' नाव सापडतं. 'किझ' म्हणजे मुलगी आणि 'बस' म्हणजे आपलं "बास झालं" मधलंच बस! तो शब्द फारसीतून तिकडं गेला आणि आपल्याकडंही आला. चीनमध्ये 'लायदी', 'झाओदी' अशी मुलींची नावं असत. लायदी म्हणजे 'धाकट्या भावा, ये', झाओदी म्हणजे 'भावाला बोलावून आण'. कुठं तुर्कस्तान, कुठं चीन, कुठं आपला माणदेश. भाषा वेगळ्या, देव वेगळे, जेवण वेगळं. पण पाळण्यातल्या पोरीला सांगितलेली गोष्ट एकच, आम्ही वाट दुसऱ्याची बघत होतो.

आता कुणी म्हणेल, नावात काय एवढं? ज्या मुलीला शाळेत हजेरीच्या वेळी रोज "नकुशी" म्हटल्यावर "हजर" म्हणावं लागतं, तिला विचारा.

हे विचारलं गेलं २०११ मध्ये, सातारा जिल्ह्यात. त्या वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या दर १००० मुलग्यांमागं ८९४ मुली भरल्या. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, त्या ९१३ होत्या. पोटातच मुली खुडल्या जात होत्या. जन्मलेल्यांपैकी किती जणींना नकुशी म्हणतात, हे साताऱ्यात गावोगाव शोधलं गेलं. आणि ऑक्टोबर २०११ मध्ये कार्यक्रम घेऊन २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली, नव्या नावाचे दाखले हातात देण्यात आले. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. मला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्या मुलींना विचारलं गेलं, बाळ, तुला कुठलं नाव पाहिजे?

ही गोष्ट ऐकून आपण हळहळतो. पण मैत्रिणींनो, नाव न विचारता बदललं जाणं हे आपल्यातल्या कितीजणींच्या वाट्याला आलंय! लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायचं. सगळे वाकून बघतात, नवरी लाजते, पेढे वाटतात. तिला विचारलेलं नसतं. त्या तांदळात तिचं जुनं नाव मिटतं.

इतिहासातली दोन नावं सांगते. यमुना नावाची एक मुलगी १८६५ मध्ये कल्याणला जन्मली. नवव्या वर्षी लग्न झालं, सासरी नाव ठेवलं आनंदी. हीच डॉक्टर आनंदीबाई जोशी. अमेरिकेत जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली, १८८७ मध्ये बाविसाव्या वर्षाच्या आतच गेली. तिच्या अस्थी अमेरिकेत पुरल्यात, तिथल्या दगडावर आनंदीबाई हेच नाव आहे. दुसरीही यमुनाच. आताच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं आणि ती झाली रमा. पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या त्या रमाबाई रानडे. दोघींनी सासरच्या नावानं मोठं काम केलं, त्या नावाला मोठेपण दिलं. नवं नाव वाईट असतं असं मला म्हणायचं नाही. पण दोन यमुना होत्या, आणि दोन्ही नदीत बुडावं तशा नाहीशा झाल्या, हेही खरं.

मग असं कायमच होतं का? जरा मागं जाऊ, खूप मागं. जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राजांचा लेख आहे. तिथं राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. मूर्ती कधीच फुटून गेल्या. नावं राहिली. त्यात राणी नायनिकेचं नाव आहे. आपण तिला नागनिका म्हणून ओळखतो. तिचं नाव राजाच्या नावाच्या पुढं किंवा मागं लपलेलं नाही, त्याच्या शेजारी आहे.

पुढं याच घराण्यात राजे आईचं नाव लावायला लागले. गौतमीपुत्र सातकर्णी म्हणजे गौतमीचा मुलगा. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमी बलश्री राणीनं भिक्षूंसाठी लेणं दान दिलं आणि लेख कोरून घेतला. त्यात ती स्वतःला राजाची आई आणि राजाची आजी म्हणवते. आता खोटी बढाई नको. आईचं नाव लावत म्हणून राज्य बायकांचं होतं असं नाही. गादीवर मुलगेच बसत, आणि गौतमी, वासिष्ठी ही नावंही गोत्रावरून आलेली. पण आईच्या नावानं ओळख सांगण्यात राजाला कमीपणा वाटत नव्हता, एवढं तर दगडावर लिहिलेलं आहे.

आणि आपल्या संत बाया बघा. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई. जनाबाई तर दळण-कांडण करणारी. तिचं नाव कुणी दगडावर कोरलं नाही. तिनं ते स्वतःच अभंगाच्या शेवटी घातलं, म्हणून सातशे वर्षं टिकलं. आपल्याला नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणे शिकवले. स्वतःचं नाव घ्यायला जनीनं शिकवलंय.

आता आजच्या कागदांकडं येऊ, कारण नाव शेवटी तिथं अडतं. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव लागेल. दोन हजार वर्षांनी गौतमीपुत्र परत आला म्हणा ना! तुमच्या घरी त्यानंतरचं नातवंड असेल तर दाखल्यावर आईचं नाव लागलंय का, नीट लिहिलंय का, हे बघून घ्या. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव नंतर घालता येतं.

दुसरी गोष्ट. लग्न झालं म्हणून नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचं तर बाईच्या मर्जीनं बदलावं. आणि बदललं तर सगळीकडं बदलावं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पुस्तकात तिसरं, असं झालं की माहेरच्या जमिनीतला वाटा मागताना "ती बाई मीच" हे सिद्ध करत तालुक्याला खेटे घालावे लागतात. नाव कायमचं बदलायचं असेल, मग ते नकुशीचं असो की आणखी कुठलं, तर सरकारी राजपत्रात छापून आणता येतं. तो कागद जपून ठेवायचा. मुलीचं नाव ठरवताना अंगठीनं तांदळात लिहिण्याआधी तिला एकदा विचारा. ती नाही म्हणाली तर ताटातले तांदूळ वाया जात नाहीत, त्यांचा भात होतो.

आणि एक काम सांगून थांबते. पुढच्या बैठकीला बचतीची वही उघडाल, तेव्हा शेवटचं एक पान रिकामं ठेवा. त्यावर प्रत्येकीनं आपलं माहेरचं नाव लिहायचं. कुणी ठेवलं, का ठेवलं, माहीत असेल तर तेही लिहायचं. लिहिता येत नसेल तिनं सांगायचं, दुसरीनं लिहायचं. एखादी नकुशी निघाली तर तिला विचारायचं, बाई, तुला कुठलं नाव आवडलं असतं? आणि त्या दिवसापुरतं तरी तिला त्या नावानं हाक मारायची. सासू गटात असेल तर सुनेनं विचारायचं. आम्ही विचारलं नाही, तुम्ही विचारा.

माझ्या आजीचं नाव तुळसा होतं. आमच्या घरात आता ते सगळ्यांना माहीत आहे.