विजेचा झटका आणि मेंदूचे चित्र

आमच्या युनियनच्या कचेरीत एकदा एका कामगाराची बायको आली. नवरा कित्येक महिने उदास होऊन पडून होता; अन्नावरची वासना उडालेली. डॉक्टरांनी ‘शॉक’ सुचवला होता. “भाऊ, शॉकनं मेंदू जळतो का हो?” एवढेच तिने विचारले. आम्हांला उत्तर देता आले नाही. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण प्रश्न मनात घर करून बसला आणि आम्ही वाचू लागलो.

फेफरे आणल्याने वेड ओसरते, ही कल्पना १९३४ साली बुडापेस्टच्या मेदुना यांनी कापूर टोचून करून पाहिली होती. रोमच्या कत्तलखान्यात विजेच्या झटक्याने डुकरे मरत नाहीत, फेफरे येऊन नुसती बधिर होतात, हे उगो चेर्लेत्ती यांनी पाहिले. आणि एप्रिल १९३८ मध्ये त्यांनी व त्यांचे सहकारी बिनी यांनी माणसावर वीज वापरली. रोगी पोलिसांनी रेल्वे स्टेशनावरून आणलेला. पहिला झटका कमी पडला. दुसऱ्याचा विचार चालला असता तो असंबद्ध बडबडणारा माणूस एकाएकी स्पष्ट बोलला, की आता दुसरा नको, जीव जाईल! खुद्द चेर्लेत्तींनीच ही हकीगत सांगितली आहे. झटका दिला गेलाच. त्याला गुणही आला. पण त्याचे ‘नको’ कोणी हिशेबात धरले नाही, हे आमच्यासारख्या कामगारांच्या माणसाला खटकते.

पुढे १९५० नंतर भूल व स्नायू सैल करणारे औषध यांची जोड मिळाली. त्याआधी झटक्याने हाडेही मोडत. आपल्याकडे भुलीवाचून शॉक देण्यास बंदी आली ती २०१७ च्या कायद्याने. केवढा हा उशीर!

आता मेंदू जळतो का? एम.आर.आय. यंत्राच्या चित्रांत जळल्याची खूण दिसत नाही. अॅबर्डीनच्या संशोधकांनी २०१२ साली नऊ रोग्यांत पाहिले, की मेंदूच्या डाव्या पुढच्या भागाची इतर भागांशी चाललेली अतिरेकी देवघेव उपचारानंतर कमी झाली. २०१८ साली २८१ रोग्यांची चित्रे एकत्र तपासली, तेव्हा स्मरणाशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग किंचित वाढलेला आढळला. मात्र ज्याचा तो अधिक वाढला, त्याला अधिक आराम पडला असे दिसले नाही. म्हणजे गुण येतो हे ठाऊक, कशाने येतो याचा वाद चालूच. आणि काहींच्या आठवणी जातात, त्याचे काय?

ती बाई पुन्हा आली, तेव्हा नवरा कामावर रुजू झाला होता. मुलीच्या साखरपुड्याचा दिवस तेवढा त्याला आठवत नव्हता. “त्याला आधी विचारलं होतं का?” आम्ही म्हटले.

“कागदावर सही मीच केली,” ती म्हणाली.