मुष्टिफंड
कर्मवीर भाऊराव पाटील (1887–1959) यांनी रयत शिक्षण संस्थेसाठी रुजवलेली लोकवर्गणीची पद्धत. संस्था 1919 मध्ये काले (ता. कराड) येथे स्थापन झाली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह निघाले. मुलांच्या जेवणासाठी घरोघरच्या बायका दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत. हाती रोकड नसलेल्या शेतकऱ्यालाही त्यामुळे देणगीदार होता आले. शिवाय मूठ वारंवार काढायची असल्याने संस्थेशी नातेही ताजे राही. धान्यापेक्षा हा लाभ मोठा म्हणावा लागेल. अर्थात केवळ मुठीवर भागत नसे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही वसतिगृहासाठी मोडले. पुढे 1948 च्या सुमारास सरकारी अनुदान थांबले, तेव्हा संस्था तगली ती गावोगावच्या मदतीवरच.