मेणकापडाची कुळकथा

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, धाराशिव जिल्ह्यातली गावं शेतात जेवायला जातात. टोपल्यात भज्जी, उंडे, आंबील आणि धुवट फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी. तव्यावरून उतरलेल्या भाकरीची वाफ सुती कापड पिऊन घेतं, म्हणून दुपारीही तिला पाणी सुटलेलं नसतं.

पण फडकं ओल धरून ठेवत नाही. त्यात चिरलेलं लिंबू सुकतं. ओल राखायची तर कापडाला मेण हवं.

संस्कृतात मेणाला ‘मदन’ म्हणत. प्राकृतात त्याचं ‘मयण’ झालं आणि मराठीत ‘मेण’. त्याचं दुसरं नाव ‘मधूच्छिष्ट’, म्हणजे मधाचं उष्टं. मध पिळून उरलेलं पोळं पाण्यात उकळून गाळलं, की निवताना मेण वर तरंगतं आणि थिजतं. ते कापडात मुरवलं की झालं मेणकापड. पावसापाण्यापासून चीजवस्तू राखायला ते कामी येई.

पुढे मेणाऐवजी जवसाचं तेल आलं. कढवलेलं हे तेल हवेत वाळून कापडावर चिवट थर धरतं. मग रबर आलं, त्यामागून प्लास्टिक. मेण गेलं, बऱ्याचदा कापडही गेलं, नाव तेवढं राहिलं. आज बाळाखाली अंथरायला मेणकापड मागितलं, तर दुकानदार रबराचा नाहीतर प्लास्टिकचा तुकडा कापून देतो.

अन्न झाकायला घरी मेणकापड करण्याची अलीकडची रीत म्हणूनच मला मोलाची वाटते. तिच्यामुळे शब्दाला त्याचा जुना अर्थ परत मिळतो.

जुन्या धोतराचा हातभर तुकडा स्वच्छ धुऊन वाळवावा. त्यावर किसलेलं मेण पातळ भुरभुरावं, खालीवर कोरा कागद ठेवावा आणि मंद इस्त्री फिरवावी. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि धाग्याधाग्यात उतरतं. कागद काढून कापड दोन टोकांनी हवेत धरलं, की मिनिटभरात ताठ होतं. वाटीवर पसरून तळवे टेकवले, की हाताच्या उबेनं मऊ पडतं आणि काठाला बिलगतं.

धुवायचं ते गार पाण्यानंच. गरम भाकरी आणि कच्चं मटण यात बांधू नये. आपल्याकडच्या मे महिन्यात ते माठाजवळ, सावलीत ठेवावं. मेण विरलं तर पुन्हा किसून इस्त्री करावी. अगदीच जीर्ण झालं, तर पट्ट्या फाडाव्यात. चूल पेटवायला त्या छान लागतात.

येत्या येळवसेला भाकरी फडक्यातच बांधावी आणि चिरलेलं लिंबू मेणकापडात. एकानं वाफ प्यावी, दुसऱ्यानं ओल राखावी. टोपल्यात दोघांनाही जागा आहे.